लिलावातल्या फ्लॅटसाठी घेतलेलं सहा महिन्यांचं खाजगी लोन, सगळ्या आकड्यांसकट रिव्ह्यू

बँकेच्या लिलावातला फ्लॅट स्वस्तात मिळतो हे सगळेच सांगतात, पण पंधरा दिवसात पैसे आणायचे कुठून हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. कंपनीचं नाव देणार नाही, कारण अशा कंपन्या बऱ्याच आहेत आणि कागद थोड्याफार फरकाने सगळ्यांचे सारखेच असतात. मी रिव्ह्यू करतोय तो या प्रकारच्या लोनचा. माझे रेटिंग ५ पैकी ३. दोन मार्क कुठे कापले ते खाली कळेलच.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी सांगतो. पिंपरी-चिंचवडमधला २ बीएचके, कर्ज थकल्यामुळे एका सरकारी बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा) ताब्यात घेतलेला. पेपरात जाहीर नोटीस आली, सरकारी बँकांच्या बँकनेट पोर्टलवर पण दिसला. रिझर्व्ह प्राइस म्हणजे कमीत कमी किंमत ४८ लाख, अनामत १० टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार, बोली २५-२५ हजारांनी वाढवायची. त्याच बिल्डिंगमध्ये तसाच फ्लॅट बाजारात ६५ लाखाला विकला गेलेला मला माहीत होता. नोटिशीत 'प्रत्यक्ष ताबा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणूनच मी पुढे गेलो, 'सांकेतिक ताबा' असता तर गेलो नसतो, कारण त्यात जुना मालक आतच राहत असतो आणि त्याला बाहेर काढायला जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा कोर्टात जाऊन ऑर्डर आणावी लागते, किती महिने जातील ते कोणीच सांगू शकत नाही, आणि इकडे व्याज चालूच.

लिलावात फ्लॅट ५२ लाखाला माझ्या नावावर सुटला. आता नियम बघा. एकूण किमतीच्या २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे, त्यात अनामत धरली जाते. म्हणजे १३ लाखातले ४.८० आधीच गेलेले, ८ लाख २० हजार दुसऱ्या दिवशी भरले. उरलेले ७५ टक्के म्हणजे ३९ लाख, विक्री कन्फर्म झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँक लेखी मुदत वाढवून देऊ शकते, पण काही केलं तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही आणि द्यायचीच असं तिच्यावर बंधन नाही. आणि पैसे नाही भरले तर? भरलेले २५ टक्के जप्त. हे नुसतं घाबरवण्यासाठी लिहिलेलं कलम आहे असं समजू नका, २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने सेंट्रल बँकेच्या एका केसमध्ये हेच सांगितलंय, की बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते न बघता अख्खी २५ टक्के रक्कम जप्त होऊ शकते. माझ्या बाबतीत १३ लाख, पंधरा वर्षांची बचत.

माझा प्लॅन असा होता की होम लोन घेऊ. माझ्या पगाराच्या बँकेतल्या मॅडमनी अगदी नीट समजावून सांगितलं, "दादा, लोन होईल, पण मला टायटलचे म्हणजे मालकीचे ओरिजिनल कागद लागतील, ते आत्ता लिलाव करणाऱ्या बँकेकडे आहेत, आणि पूर्ण पैसे भरल्याशिवाय ती बँक ते सोडणार नाही. सेल सर्टिफिकेट घेऊन या, मग करून देते." (सेल सर्टिफिकेट म्हणजे फ्लॅट तुम्हाला विकल्याचा लिलाव करणाऱ्या बँकेचा दाखला.) काही बँका स्वतःच लिलावात काढलेल्या प्रॉपर्टीला स्वतःच कर्ज देतात, तसं असेल तर तोच सगळ्यात चांगला रस्ता, बोली लावायच्या आधीच लिलाव बघणाऱ्या बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला विचारा. मी विचारलं होतं, त्या शाखेने नाही म्हटलं.

मग उरले दोन रस्ते. पहिला रस्ता एजंटने आणला. एजंट म्हणजे लिलावाच्या दिवशी पोर्टलवर मदत करणारा माणूस, चांगला होता, पण त्याने ओळखीतला एक 'फायनान्सर' सुचवला. महिना ३ टक्के, निम्मी रक्कम कॅश, सहीचे कोरे चेक, आणि तारण म्हणून आमच्या राहत्या घराचं साठेखत त्याच्या नावाने रजिस्टर करायचं. "पैसे दिले की साठेखत रद्द, नुसती फॉर्मॅलिटी आहे काका." मी तिथून उठलोच. साठेखत म्हणजे घर विकायचा करार असतो, ते तारण नव्हे. उद्या तो म्हणाला की मी घर विकत घेतलंय तर आपण कर्जदार आहोत हे सिद्ध करायला आपणच कोर्टात फिरायचं. हे पण सांगतो कारण फार लोकांना माहीत नाही. आपल्याकडे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि परवाना असलेल्यालाही शेतकरी नसलेल्या माणसाला तारण कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के यापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. महिना ३ म्हणजे वर्षाला ३६. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. आणि २० हजार किंवा त्यावरचं कर्ज कॅशमध्ये घेणं हा इन्कम टॅक्सचा वेगळा घोळ, दंड जेवढी रक्कम तेवढाच लागू शकतो. कोणी अडचणीत असताना हे सगळं आठवत नाही, म्हणून आधीच वाचून ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे ही कंपनी, आरबीआयकडे नोंदणी असलेली एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी कंपनी. नोंदणी आहे का ते आरबीआयच्या साइटवरच्या यादीत स्वतः बघितलं. ऑफर अशी होती: २६ लाख, सहा महिने, महिना पावणेदोन टक्के, फक्त व्याज भरत राहायचं आणि मुद्दल शेवटी एकदम. प्रोसेसिंग फी २ टक्के अधिक जीएसटी. भरलेले १३ सोडून आमच्याकडे अजून १३ लाख होते, २६ आणि १३ मिळून ३९, हिशोब बरोब्बर बसत होता. निदान मला तसं वाटलं.

आता तारण. लिलावातल्या फ्लॅटवर त्यांना तेव्हा बोजा चढवता येत नाही कारण फ्लॅट अजून माझा नाहीच, सेल सर्टिफिकेट पूर्ण पैसे भरल्यावर मिळतं. म्हणजे पैसे मिळवायला फ्लॅट पाहिजे आणि फ्लॅट मिळवायला पैसे. म्हणून ते दुसरी प्रॉपर्टी मागतात. आमच्याकडे दुसरी म्हणजे राहतं घर, १ बीएचके, सहा वर्षांपूर्वी कर्ज फेडून मोकळं केलेलं. बायको म्हणाली, "अहो, घर घेण्यासाठी घर गहाण टाकायचं? आणि त्या फ्लॅटचं काही झालं तर आपण चौघं जायचं कुठे?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लिलाव फसला तर १३ लाख जातात, हे कर्ज फसलं तर छप्पर जातं. आणि ज्या कायद्याने त्या माणसाचा फ्लॅट गेला त्याच धर्तीवर आपलंही घर जाऊ शकतं, हे सही करताना माझ्या डोळ्यासमोर होतं. मी तो फ्लॅट बघायला गेलो होतो तेव्हा भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या, तारखा टाकलेल्या. त्या अजून विसरलो नाहीये.

कंपनीचा पोरगा म्हणाला होता, "सर, ७२ तासात पैसे." सॅन्क्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) खरंच चौथ्या दिवशी आलं. पण सॅन्क्शन लेटर म्हणजे पैसे नाहीत, हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा. त्यानंतर आमच्या राहत्या घराचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजे तपासल्याचा), मग व्हॅल्युएशनवाला, मग सोसायटीचं ना हरकत पत्र (सेक्रेटरी गावाला गेलेले, त्यांची वाट बघण्यात दोन दिवस), मग ओरिजिनल कागद जमा करून गहाणाचा कागद आणि नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण टाकल्याची रजिस्ट्रार ऑफिसला द्यायची सूचना). पैसे खात्यात आले तेराव्या दिवशी संध्याकाळी साडेचारला. मधल्या काळात मी रोज सकाळी उठलो की आधी कॅलेंडर बघायचो.

आणि आले किती? २६ लाख नाहीत. २३ लाख ८४ हजार ४४०.

मी फोन केला तर म्हणे डिडक्शन आहेत सर. फी ५२ हजार आणि त्यावर जीएसटी ९,३६०. लीगल आणि व्हॅल्युएशनचे जीएसटी धरून १७,७००. आणि पहिल्या तीन महिन्यांचं व्याज १ लाख ३६ हजार ५०० आधीच कापलेलं. ऍग्रीमेंटच्या चौदाव्या पानावर होतं, बारीक अक्षरात, पण होतं. सही करताना ते पान मी नीट वाचलं नव्हतं आणि तोंडी कोणी सांगितलं नव्हतं. एकूण २ लाख १५ हजार ५६० कमी, आणि हातात दोन दिवस. विक्रेत्या बँकेतल्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "मुदतवाढीचा अर्ज देऊन ठेवा, पण मंजूर होईलच असं धरू नका." शेवटी आईने तिच्या पाटल्या काढून दिल्या, काही न विचारता. बँकेत गोल्ड लोन तीन तासात झालं, व्याजही या कंपनीच्या निम्म्याहून कमी, आणि पंधराव्या दिवशी दुपारी आरटीजीएस झालं. यासाठी एक मार्क कापलाय. कापणार असाल तर कापा, पण हातात नक्की किती येणार ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून द्या ना, समोरच्या माणसाचे १३ लाख टांगलेले आहेत.

हे टाळता येतं. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या रिटेल आणि छोट्या उद्योगांच्या टर्म लोनसाठी आरबीआयने की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर म्हणजे एपीआर लिहावा लागतो. मला ते सह्यांच्या गठ्ठ्यात मिळालं, वेगळं समजावून कोणी दिलं नाही. तुम्ही ते पहिल्या दिवशी मागा, आणि 'पावणेदोन टक्के' हा आकडा विसरून फक्त एपीआर आणि हातात येणारी रक्कम बघा.

एक छोटी पण पैशाची गोष्ट, टीडीएस. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा, माझ्या केसमध्ये ५२ हजार. म्हणजे विक्रेत्या बँकेला ३९ लाखातले ३८ लाख ४८ हजार आणि ५२ हजाराचं चलन. कुठल्या पॅनवर भरायचा ते बँकेकडून लेखी घ्या, चुकीच्या पॅनवर गेला की दुरुस्तीला वेळ जातो आणि तोपर्यंत सेल सर्टिफिकेट अडतं.

आता बाहेर पडायची गोष्ट, कारण अशा लोनमध्ये आत जाण्यापेक्षा बाहेर पडणं अवघड. माझा अंदाज होता दोन महिने. लागले चार महिने वीस दिवस. सेल सर्टिफिकेट पैसे भरल्यावर बाराव्या दिवशी मिळालं. मग स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे ३ लाख ६४ हजार आणि रजिस्ट्रेशन ३० हजार. (हे पैसे भावाकडून घेतले, त्याचे अजून फेडतोय.) मग सोसायटी. लिलावाच्या नोटिशीत 'जे आहे जेथे आहे' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मागची थकबाकी बहुतेक वेळा तुमच्यावरच येते. मेंटेनन्सचे १ लाख १२ हजार थकलेले, विजेचे १४ हजार. वीज बिल तर मागच्या मालकाचं असं म्हणून भांडायला गेलो, तर कळलं की २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या वीज मंडळाच्या केसमध्ये सांगितलंय की नियमात तशी तरतूद असेल तर जुनी थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडूनही वसूल करता येते. भरले. सोसायटीच्या कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदा, त्यात शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला एक महिना गेला, म्हणजे फक्त त्या मीटिंगची मला पडलेली किंमत ४५ हजार ५००, कारण तेवढं महिन्याचं व्याज. त्यानंतर होम लोनवाल्या बँकेने रजिस्टर केलेलं सेल सर्टिफिकेट, ताबा पावती, जुन्या कागदांची साखळी, टीडीएस चलन, सोसायटीचं पत्र असं सगळं घेऊन एकवीस दिवसात लोन दिलं आणि त्यातून हे कर्ज बंद केलं.

या काळात मला सगळ्यात जास्त भीती होती ती डीआरटीची, म्हणजे कर्ज वसुली न्यायाधिकरणाची. जुना कर्जदार बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसात तिथे जाऊ शकतो, आणि तिथे स्टे मिळाला की आपलं सेल सर्टिफिकेट, ताबा, होम लोन सगळं थांबतं, फक्त खाजगी लोनचं व्याज थांबत नाही. एक दिलासा आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा पैसे भरून प्रॉपर्टी परत सोडवायचा हक्क संपतो, आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बाफना मोटर्सच्या केसमध्ये ते पक्कं केलं. म्हणजे शेवटच्या क्षणी तो पैसे घेऊन आला म्हणून बँक तुमची बोली रद्द करू शकत नाही. पण नोटीसच चुकीची दिली, व्हॅल्युएशन नीट केलं नाही, असल्या मुद्द्यांवर भांडण होऊ शकतं. मी बोली लावायच्या आधी डीआरटीच्या साइटवर कर्जदाराच्या आणि बँकेच्या नावाने केस शोधली होती, आणि एका वकिलाला ५ हजार देऊन नोटिशींच्या तारखा तपासून घेतल्या होत्या. ६० दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा नोटीस, मग विक्रीची नोटीस, हा क्रम आणि मधले दिवस. ते ५ हजार या सगळ्या खर्चातले मला सगळ्यात योग्य वाटतात.

दुसरा मार्क का कापला ते आता. लोन बंद करताना त्यांनी पाच पूर्ण महिन्यांचं व्याज लावलं, चार महिने वीस दिवस झालेले असताना. "सर, सिस्टीम महिन्यावर चालते." घरी येऊन शोधलं तर आरबीआयचं २९ एप्रिल २०२४ चं पत्रक सापडलं, त्यात नेमकं हेच अयोग्य म्हटलंय: महिन्याच्या मधे कर्ज फेडलं तर पूर्ण महिन्याचं व्याज घेणं, सॅन्क्शनच्या तारखेपासून व्याज लावणं, हप्ते आधी कापून घेऊन पण व्याज पूर्ण रकमेवर लावणं. माझ्याकडे यातल्या दोन गोष्टी झालेल्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला, पत्रकाची तारीख लिहिली, आणि ३० दिवसात उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाईन असं साध्या भाषेत लिहिलं. अकराव्या दिवशी दहा दिवसांचं व्याज १५ हजार १६६ परत आलं. आधी कापलेल्या व्याजाबद्दल मात्र काही दिलं नाही, ते प्रकरण मी अजून सोडलेलं नाही.

चांगलं पण लिहायला पाहिजे. पंधरा दिवसांच्या आत पैसे आले, हे मान्य करायलाच हवं, हे लोन नसतं तर १३ लाख गेले असते. दमदाटी नाही, कोरे चेक नाहीत, सगळं बँकेतून. मुदतीआधी फेडल्याबद्दल तीन महिन्यांनंतर काही चार्ज नव्हता. आणि ओरिजिनल कागद १९ दिवसात परत मिळाले. कर्ज फिटल्यावर ३० दिवसात कागद द्यायचे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई, हा आरबीआयचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, तो त्यांच्या माणसाला पाठ होता.

एकूण हिशोब. व्याज २ लाख १२ हजार, फी, लीगल, गहाणाच्या कागदाचे साधारण १० हजार, मिळून ३ लाख १ हजार. साडेचार-पावणेपाच महिन्यांसाठी २६ लाखांवर हे म्हणजे वर्षाचा दर ३० टक्क्यांच्या जवळ, पावणेदोन टक्के महिना ऐकताना २१ वाटतो. फ्लॅट ५२, ड्युटी आणि रजिस्ट्रेशन ३.९४, हे लोन ३.०१, थकबाकी १.२६, आणि दुरुस्ती २.२० (किचनचा ओटा तोडलेला होता, वायरिंग काढून नेलेलं), सगळं मिळून ६२ लाख ४१ हजार. तोच फ्लॅट बाजारात ६५ लाखाला घेऊन ड्युटी भरली असती तर ६९ लाख ८५ हजार. म्हणजे सात लाखाच्या वर वाचले. पण लोन आणखी सहा महिने लांबलं असतं तर पावणेतीन लाख व्याज अजून गेलं असतं, वर मुदत संपल्याचे दंड वेगळे, आणि राहतं घर त्या सगळ्या काळात गहाण.

कोणाला घ्यायचंच असेल तर लिलावाच्या महिनाभर आधी कंपनीकडे जा, तारणाच्या घराचा सर्च आणि व्हॅल्युएशन तेव्हाच करून ठेवा, लिलाव नाही मिळाला तर १५-२० हजार गेले असं समजायचं. होम लोनवाल्या बँकेकडे पण तेव्हाच जाऊन सेल सर्टिफिकेटवर लोन देतील का ते लेखी नाही तर निदान मेलवर घ्या. आणि कागदावर हिशोब बसत असला तरी दोन-अडीच लाख जास्तीचे स्वतःकडे ठेवा. ज्यांचं राहतं घर हे एकच तारण आहे आणि घरात एकच पगार आहे त्यांना मी हे लोन घ्या म्हणून सांगणार नाही, कोणी कितीही स्वस्त फ्लॅट दाखवला तरी. आमच्याकडे दोन पगार होते आणि तरी ते पाच महिने फार जड गेले.

पाटल्या मागच्या महिन्यात सोडवून आणल्या. भिंतीवरच्या त्या पेन्सिलच्या खुणांवर रंग मारायच्या आधी मी फोटो काढून ठेवला, बँकेतल्या साहेबांना दिलाय, जमलं तर त्या कुटुंबाला द्या म्हणून.